पांढरा हॉल

“आई, हा हॉल आहे की जत्रा?” होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच घरी येणार म्हणून लेकाचा जीव टांगणीला लागला होता.

फुलाफुलांचा वॉलपेपर, अकरा आरसे, सात रंगांच्या उश्या, झालरीवर झालर; त्या माऊलीने वीस वर्षं हौसेनं भरलेला हॉल! पण लेकाच्या सुखाआड कुठली आई येते? तिने मुकाट्याने सगळं माळ्यावर टाकलं, भिंती पांढऱ्या करून घेतल्या आणि आत जाऊन गुपचूप डोळे पुसले.

पाहुणे आले. होणाऱ्या विहीणबाई चारही कोऱ्या भिंती न्याहाळत दारातच थबकल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.



“अहो, ऐकलंत का, खालच्या टेम्पोत भेट म्हणून आणलेली दोन्ही झुंबरं आणि मोरांची सगळी चित्रं वर आणा, आपल्या घरात खिळा ठोकायला जागा नाही, अन् इथे देवाच्या दयेने नुसत्या भिंतीच भिंती आहेत!”