राईतली पेटी

मातीतून निघणारा वायू मोजायला देशभर बसवलेल्या पेट्यांपैकी देवराईतली पेटी लाल झाली, तशा तपासनीस मॅडम धावत आल्या.

"गुरवकाका, नायट्रस ऑक्साइड एकदम वाढलाय. निसर्गामुळे असेल तर राई वाचेल. माणसामुळे असेल तर सरकार ही शेतजमीन धरून सगळं तोडेल. इथे गव्यांचा कळप बसून शेण-मूत पडलं असेल, हो ना?"

तपासणीला राई हिरवीगार दिसावी म्हणून धाकू गुरवानेच सुरंगीच्या बुंध्याशी युरियाचं पोतं रिकामं केलं होतं. पण देवाच्या राईत उभं राहून खोटं बोलायचं कसं?

"मीच खत घातलं, मॅडम."

मॅडमनी डोळे मिटले. पेटीतला माइक सगळं ऐकून सरकारला कळवत होता.

आठवड्याने तोडणारे आले. देवाचा कोप नको म्हणून त्यांनी पहिली कुऱ्हाड धाकूच्याच हातात दिली.