ड्रममधलं ऑइल

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: चिपळुणातलं एक छोटं गॅरेज. दिवसभर वाकून थकलेले शिवराम मिस्त्री एका नव्या डिझेल गाडीत ऑइल ओतायला निघाले होते. तीस वर्षं ते सगळ्या डिझेल गाड्यांना एकाच ड्रममधलं घट्ट ऑइल घालत.

“बाबा, थांबा!” गाडीचं पुस्तक चाळणारी त्यांची सहावीतली मैथिली म्हणाली. “हिला जळल्यावर कमी राख सोडणारं पातळ ऑइल लागतं. नाहीतर धूर गाळणारी जाळी चोंदते.”

“इंजिन काय पुस्तक वाचून चालतं का गं?” बाबा हसले आणि एकदम त्यांना खोतमास्तर आठवले.

मास्तरांची गाडीही अशीच होती, ऑइलही याच ड्रममधलं. तिची जाळी चोंदल्याची तक्रार मास्तरांनी केली, तेव्हा “भेसळीचं डिझेल भरता आणि मला बोलता?” असं बाबांनी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं. दोघे जुने मित्र. पण तेव्हापासून मास्तर गॅरेजवरून मान वळवून जात.

बाबा टायरवर बसले. “म्हणजे चूक माझीच होती की. आता कुठल्या तोंडानं जाऊ मास्तरांकडे?”

मैथिलीनं मास्तरांचा नंबर लावला आणि रिंग वाजू लागताच फोन बाबांच्या हातात दिला.