आवणीची चाल

गुणगुण आधी गवतातूनच येतेय असं रत्नाला वाटलं. मग उन्हावर सावली सरकली आणि आग्यामाश्यांचा अख्खा थवा आभाळातून उतरून तिच्या लेकीच्या, प्रेरणाच्या पाठीवर बसला.

किती? मोजायचं कुणी! वेणी दिसेना, पाठ दिसेना. सोळा वर्षांची पोर, हातात विळा, आणि मानेपासून कमरेपर्यंत पांघरलेलं एक काळंभोर, हलतं लुगडं.

पालीच्या बायका राजगडाच्या वाटेवरचं गवत काढायला आल्या होत्या. सरपंच रत्ना त्यांच्यात होतीच. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, दोन्ही अंगांना सोनकी पिवळीधमक फुललेली. मघाशी तर काम करता करता तिला डुलकी येऊ बघत होती. आता त्याच डुलकीत भलतंच स्वप्न शिरल्यासारखं झालं.

"धूर करतो, वैनी!" धाकट्या दिरानं, धनाजीनं, काडेपेटी काढलीसुद्धा.

"भावजी, काडी वढाल तर बघा." रत्नाचा आवाज कुजबुजीएवढाच. "दमून टेकल्यात त्या. आपली गर्दी हटली की उठतील आपसूक. खवळल्या तर पोर हाती लागायची न्हाई माझी."

धनाजीनं काडेपेटी गपचूप खिशात घातली. पण बायकांचं काय? एकीनं तोंडावर पदर दाबलेला, दुसरीची किंकाळी गळ्याशी येऊन थांबलेली. एक जरी पळाली असती तरी सगळ्या उधळल्या असत्या, आणि मग माश्या काय गप्प बसणार होत्या होय!

भोरच्या शिबिरात मॅडमनी शिकवलं होतं, गावावर बाका प्रसंग आला की सरपंचानं आधी लांब श्वास घ्यावा, मग बोलावं. रत्नानं घेऊन बघितला. कसला श्वास नि कसलं काय, नुसती धडधड! धावत जावं आणि दोन्ही हातांनी त्या माश्या ओरबाडून काढाव्यात, एवढंच तिला कळत होतं. पण सगळ्या बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

ती कमरेत वाकली.

"बायांनो," ती म्हणाली, "आवणी चाललीय आपली. वळ मोडू नका. चला, मागं."

भाताची रोपं लावत बाई मागं मागं सरकत जाते, हे पालीच्या बाईला कशाला सांगायला हवं? सगळ्या वाकल्या. पायाखाली चिखल नव्हता, मुठीत रोपं नव्हती, तरी हात आपोआप भुईशी गेले. कोरड्या वाटेवर बायकांची ओळ हळूहळू मागं निघाली. धनाजीसुद्धा, एवढा मिशीवाला गडी, वाकून नसलेली रोपं लावत मागं.

रत्नाची नजर प्रेरणावरून हलत नव्हती. पावलागणिक पोर लहान होत चालली होती. दहा वर्षांची झाली, मग पाच वर्षांची, मग अंगणात पहिल्यांदा उभी राहिली होती तेवढी. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण काय म्हणाली ते आईला कळलं. रत्नानं नुसती मान हलवली, आणि आणखी एक पाऊल मागं टाकलं. उभ्या जन्मात तिनं एवढं अवघड काही केलं नव्हतं.

मग वारं सुटलं की ऊन वाढलं, देव जाणे. ते लुगडं एका कडेनं उसवलं, अलगद वर उचललं गेलं आणि धुक्यातून गडाकडं निघून गेलं. पोरीच्या मानेवर दोन डंख, बास.

बायका एकदम ओरडत पुढं धावल्या. कुणी प्रेरणाचं तोंड कुरवाळलं, कुणी डंख चाचपले. "काय धीराची बाई गं आपली सरपंच!" कुणीतरी म्हणालं.

रत्नाला ते ऐकूच गेलं नाही. ती अजून वाकलेलीच होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं, आणि पाय काही केल्या थांबेनात. एकामागं एक, मागंच पडत होते.

प्रेरणानं बायकांचे हात बाजूला सारले आणि ती वाट उतरत आली.

"आई," ती म्हणाली, "थांब की आता. आले मी."