खंडेनवमीचं ऊन

पहिली आरती संपली तेव्हा खिडकीतून आलेलं ऊन लोलकापासून वीतभर लांब होतं.

पाटावर शाळेचं सगळं विज्ञान मांडलं होतं. तराजू, नालेसारखा लोहचुंबक, भिंग आणि तीन पैलूंचा तो काचेचा लोलक. वर्षभर हे कपाटात, कुलपात. खंडेनवमीला बाहेर निघायचं, धुतलं जायचं, हळदकुंकू लागायचं आणि आरती झाली की पुन्हा आत. फुटलं तर लढाईच्या दिवसांत हैदराबादेहून नवं कोण आणणार? म्हणून वसमतच्या त्या शाळेत नववीची मुलं उजेडाचे सात रंग घोकायची. पदार्थविज्ञान म्हणजे पाठांतर, असं साऱ्यांनी धरलेलंच होतं.

नववीतल्या कालिंदीनंही. आज सकाळपर्यंत.

सकाळी झाडलोटवाली नानीबाई आडाजवळ लोलक धूत बसली होती. तिच्या ओल्या हातातून समोरच्या भिंतीवर रंगांचा पट्टा पडला, थरथरला, गेला.

"नानीबाई, काय होतं ते?" कालिंदीनं विचारलं.

"ते व्हय? दरसाल पडतंय की. तुमाला ठाव न्हाई? तुमी तर शिकून राहिल्या ना!"

"पुन्हा दाखवा ना."

"न्हाई माय. गुरुजी बघून राहिले."

पुढच्या वर्षी मुलींना पदार्थविज्ञान नव्हतं. शिवणकाम होतं.

हळदकुंकू लावायचा मान मुलींचा. कालिंदीनं लोलकाच्या नुसत्या टोकाला बोट टेकवलं. काच गार होती. तिन्ही बाजू तिनं कोऱ्या ठेवल्या. एकदा पूजा मांडली की आरत्या संपेपर्यंत पाटावरचं काही हलवायचं नसतं, म्हणून ऊनच लोलकापर्यंत यायला हवं होतं.

"चला, झालं," म्हणत त्र्यंबक गुरुजींनी कोटाच्या खिशातून कपाटाची किल्ली काढली.

"गुरुजी, शंकराची राहिली," कालिंदी म्हणाली आणि ते हो म्हणायच्या आत तिनं सुरूही केली.

शंकराची झाली. मग दत्ताची. मागून बंडू कुजबुजला, "हिला काहून एवढी भक्ती चढली रे? इथं आमी भुकेनं मरून राहिलो." पोरं फिदीफिदी हसली.

ऊन चार बोटांवर आलं होतं. कालिंदीनं विठ्ठलाची धरली. आवाज फाटला.

"कालिंदे, पुरे आता. देव काय पळून जातो का?"

"देव नाही, गुरुजी. ऊन जाईल."

गुरुजींनी तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. जमिनीवरचं ऊन, मग लोलक. बावीस वर्षं ते सात रंगांचा हाच धडा शिकवत आले होते.

बंडू मान लांब करून पुढं सरकला. "तिथवर पोचलं तर काय होतंय गं?"

"रंग पडतात. सातही. मी एकदाच बघितले."

"खरं?"

"खरं."

खिडकीबाहेर एक ढग येत होता. बंडूनं खिडकीकडं पाहिलं, घसा खाकरला आणि मोठ्यानं मारुतीची आरती सुरू केली. चाल चुकली होती. तरी सारा वर्ग त्याच्यामागं म्हणू लागला.

किल्ली बोटात अडकवलेली तशीच ठेवून गुरुजी टाळ्या वाजवू लागले.

ऊन अजून दोन बोटं लांब होतं.