पेट्रोलवरची दोन मिनिटं

क्लेमेंट मेस्त्रीने प्लग काढला आणि दोरी ओढली. इंजिनाचं चाक खरखरत अर्धा फेरा फिरलं, थांबलं आणि मग, झोपेत कूस बदलावी तसं, सावकाश पुढे सरकलं.

"जाम नाही," मेस्त्री म्हणाला.

"नऊ वर्षं गोणपाटात पडलंय," गिल्बर्ट म्हणाला. "मला वाटलं होतं, आता पाद्रीच बोलवावा लागणार."

"तुझ्याआधी उठेल ते. तू तर रविवारच्या प्रार्थनेलाही उठत नाहीस."

त्रेसिया उंबऱ्यावर बसून होती. ती हसली नाही. पूर्वी अंगणाच्या टोकाला दोन माड होते. आता तिथे समुद्र होता. पुढच्या आठवड्यात तिला रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहायला जायचं होतं, दुसऱ्या मजल्यावर. इंजिन सुरू झालं तर ते गिल्बर्टच्या होडीला लागणार होतं. नाही झालं तर भंगारात.

अलोशी तिचा नवरा, गिल्बर्टचा थोरला भाऊ; म्हणून गिल्बर्ट तिला चेची, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा. नऊ वर्षांपूर्वी एका पहाटे अलोशी एकटाच होडी घेऊन गेला. समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता. दुपारी गिल्बर्टने त्याची रिकामी होडी ओढत आणली. जाळं कोरडं होतं. फळीवर शर्ट घडी करून ठेवलेला होता. अलोशी सापडला नाही. किनाऱ्यावर कोणी काही बोललं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याबद्दल लोक जेव्हा काहीच बोलत नाहीत, तेव्हा त्यांच्या मनात काय असतं ते त्रेसियाला कळत होतं. त्यांना माहीत नसलेली एक गोष्टही तिला माहीत होती. त्या पहाटे, आमटीतल्या मिठावरून वाढलेल्या भांडणात, ती त्याला म्हणाली होती, "जा. परत नाही आलास तरी चालेल."

मेस्त्रीने कार्बोरेटर उघडला. खालची छोटी वाटी काढून त्याने ती उन्हात धरली. तळाशी फणसाच्या चिकासारखा पिवळा थर वाळून कडक झाला होता. त्याने नखाने खरवडून वास घेतला.

"हे शेवटचं कोणी चालवलं?"

"त्यानेच," त्रेसिया म्हणाली.

"नंतर कोणी दोरी ओढली होती?"

"कोण ओढणार?" गिल्बर्ट म्हणाला. "मी होडी माझ्या होडीला बांधून आणली. त्यानंतर चेचीने इंजिनाला कुणाला हात लावू दिला नाही. मलासुद्धा."

मेस्त्री "बरं" म्हणाला आणि वाटी पुसायला लागला.

त्रेसियाने भिंतीला डोकं टेकलं. ऊन पाण्यावरून घरात येत होतं आणि छपरावर हलत होतं. तिला इंजिनातलं फारसं कळत नव्हतं, पण त्याचा आवाज कळत होता. ते पेट्रोलवर सुरू होतं, तापलं की रॉकेलवर घेतात. रॉकेलवर ते जाडंभरडं, खोकल्यासारखं वाजतं. किनारा जवळ आला की अलोशी पुन्हा पेट्रोल सोडायचा. मग दोनेक मिनिटांत आवाज मोकळा व्हायचा, घसा साफ केल्यासारखा. तो मोकळा आवाज ऐकला की ती चुलीवर पेजेचं पाणी ठेवायची. अलोशी वाळूवरून चालत घरी येईपर्यंत पाण्याला आधण यायचं.

नऊ वर्षं तिला एकच स्वप्न पडत होतं. ती हातात भांडं घेऊन दारात उभी आहे. दूर इंजिन वाजतंय, जाडंभरडं. ते लांब जात राहतं. आवाज मोकळा होतच नाही.

मेस्त्रीने इंजिन पाण्याच्या पिंपाला अडकवलं. चौथ्या ओढीला धूर आला. सातव्या ओढीला इंजिन धडधडलं, पिंपातलं पाणी उसळलं आणि गिल्बर्टने आनंदाने एक शिवी हासडली. ते तापल्यावर मेस्त्रीने रॉकेल सोडलं. तोच जाडाभरडा आवाज अंगणभर झाला. त्रेसियाने डोळे मिटले. ऊन, पाणी, आवाज सगळं स्वप्नातल्यासारखंच होतं. आता ते लांब जाईल, असं तिला वाटलं.

"झालं की! बंद करा आता," गिल्बर्ट ओरडला.

"थांब जरा." मेस्त्रीने कॉक फिरवून पुन्हा पेट्रोल सोडलं.

त्रेसिया ऐकत राहिली. आवाज अडखळला. मग मोकळा झाला.

त्रेसिया उठली. आपण काय करतोय हे कळायच्या आत ती चुलीपाशी पोचली होती आणि भांड्यात पाणी ओतत होती. मागे इंजिन बंद झालं.

"एवढा वेळ कशाला पेट्रोल जाळलं?" गिल्बर्ट विचारत होता.

"रॉकेलवर बंद केलं तर थंड झाल्यावर उठत नाही, एवढंही माहीत नाही? तुझ्या भावाला माहीत होतं," मेस्त्री म्हणाला. "त्या वाटीत रॉकेल नव्हतंच. सुकलेलं पेट्रोल होतं. त्या दिवशीसुद्धा तो दोन मिनिटं थांबलाय, मग बंद केलंय. परत सुरू करायचं नसतं, तर कशाला थांबला असता?"