पेट्रोलचा कॉक

बाबांचा विसराळूपणा आमच्या घरात प्रसिद्ध. सहा महिने ताईकडे राहून आई-बाबा परतले आणि मोटरसायकल सुरू होईना, तेव्हा आईने आधी बाबांकडेच डोळे वटारले.

मेकॅनिकने इंजिन ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. "ऑइल कसलं, नुसता पेट्रोलचा भपकारा येतोय. टाकीचा कॉक उघडा राहिला, सगळं पेट्रोल झिरपून खाली उतरलं. आता इंजिन खोलावं लागणार."

"तुझी शपथ, मी कॉक बंद केला होता गं," बाबा काकुळतीला आले.

"गप्प बसा! एक दिवा, एक नळ कधी आठवणीने बंद केलाय तुम्ही?" आई कडाडली आणि मेकॅनिककडे वळली.


"यांचा काडीचा भरवसा नाही हो, म्हणून तर निघता निघता मीच तो कॉक पलीकडे फिरवून ठेवला होता!"