ऐनवेळचा विषय

"आजपासून स्नेहबंध सोसायटीच्या इतिहासात नवं पर्व सुरू होत आहे," असं सावळीराम गुरुजींनी जाहीर केलं आणि ते बसायला गेले, तर खुर्ची नव्हती. सोसायटीच्या सगळ्या खुर्च्या मारामारीत कामी आल्या होत्या. गुडघे वळत नसल्यामुळे गुरुजी पाण्याच्या मोटरीच्या ओट्यावर टेकले. बाकीची मंडळी पार्किंगमध्ये सतरंजीवर बसली. सतरंजी कुसाबाईच्या घरातली. सकाळी कोणीतरी येऊन उचलून नेली होती. कुसाबाई स्वतः खांबाला टेकून फरशीवर बसली होती.

टाकीचं पाणी आधी 'अ' इमारतीला की 'ब' इमारतीला, यावरून झालेल्या लढाईला आज नववा दिवस. लढाई जेमतेम वीस मिनिटं चालली. कुसाबाईचा मुलगा समाधान सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला होता. हातातला डबाही न ठेवता तो सोडवायला मधे पडला आणि डोक्यात गज बसून जागच्या जागी गेला. आठवडाभर 'अ'वाले म्हणत होते, गज 'ब'चा. 'ब'वाले म्हणत होते, 'अ'चा. निदान गज होता, यावर दोघांचं एकमत होतं.

आता हंगामी समिती. अध्यक्ष गुरुजी, कारण त्यांचं म्हणणं दोन्ही इमारतींत सारख्याच निष्ठेनं कोणी ऐकत नसे. चिटणीस दोन: 'अ'चा फकिरा आणि 'ब'चा ज्ञानेश. व्हॉल्व्ह फिरवायला दोघांनी मिळून जायचं, आणि शांतता राखायला त्या दिवशी मारामारीत पुढं असलेली दहा पोरं. दुसरी माणसं आणायची कुठून? कुसाबाई एकेकाचे हात बघत होती. हातांवरून काही कळत नव्हतं. सगळ्यांनी स्वच्छ धुतलेले होते.

सकाळीच ती गुरुजींच्या दारात जाऊन आली होती. कोणी मारलं तेवढं सांगा, पुढं मी काय करणार नाय, एवढंच तिचं म्हणणं. गुरुजींनी विषयपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, शेवटी घेऊ, ऐनवेळच्या विषयांत.

तिसरा विषय पाण्याच्या वेळांचा होता. त्यावर तासभर गेला. चौथा पोलिसांचा. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन्ही बाजूंनी एकच जबाब द्यायचा: समाधान टाकीच्या जिन्यावरून घसरला. फकिरानं मांडलं, ज्ञानेशनं अनुमोदन दिलं. नऊ दिवस एकमेकांचं तोंड न पाहिलेले ते दोघे हात मिळवून हसले, तसे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी वहीत 'सर्वानुमते' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"आता अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय," ते म्हणाले. परवानगी त्यांनी स्वतःलाच दिली. "कुसाबाई, बोला."

कुसाबाई खांब धरून उठली. सकाळपासून तोंडात घोळवलेला प्रश्न अगदी ओठांवर होता. तिनं सतरंजीवर नजर फिरवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, सारख्याच. 'अ' कुठं संपतं आणि 'ब' कुठं सुरू होतं, ते आज पहिल्यांदाच ओळखू येत नव्हतं.

"बोला ना मावशी," फकिरा मऊ आवाजात म्हणाला. "आता आपण सगळे एकच आहोत."

कुसाबाईनं वाकून सतरंजीचं टोक धरलं.

"मंग सतरंजी तेवढी मोकळी करा, बाबांनो," ती म्हणाली. "उद्या दहावं हाय. माणसं आली तर बसायला घरात दुसरं काय नाय."